जंगलाच्या नावाने पावणी: जेवण झकास, कागद कच्चे

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, गोव्यात मांडवीच्या काठावरच्या हिरवळीवर पश्चिम घाटातल्या जंगलासाठी निधी जमवणारे जेवण झाले. सोबत लिलाव, म्हणजे इथल्या भाषेत पावणी, होता. तिकीट माणशी ३,५०० रुपये, दहा जणांचे टेबल ३२,००० रुपये. त्यात एक सरबत, जेवण, लिलावाच्या नंबरची पाटी आणि एक कापडी पिशवी. दारूचे कुपन वेगळे. आयोजक नवे आहेत आणि पुढचा कार्यक्रम ऑगस्टमध्ये करणार आहेत, म्हणून नाव न घेता लिहीत आहोत. बोटीवर बसायच्या आधी भोक सांगितलेले बरे.

थोडक्यात सांगायचे तर जेवणासाठी जा, लिलावासाठी जाताना चष्मा लावून जा, आणि दान म्हणून जे द्यायचे ते तिकिटापासून वेगळे द्या. का, ते पुढे आहे.

जेवणाचा मक्ता फोंड्याकडच्या एका स्वयंपाक्यांच्या चमूकडे होता. दोनशेच्या आसपास पाने. यादी लांबलचक नव्हती, हीच पहिली शहाणपणाची गोष्ट. सुरुवातीला उकडलेल्या काटेकणंगी या कंदाचे काप आणि किसमूर, मग खतखते, मुगागाठी, बांगड्याची उड्डमेथी, रवा लावून तळलेला चणक मासा, कोंबडीची शागुती, पोई, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, शेवटी मणगणे.

खतखते अव्वल होते. दोनशे माणसांचे खतखते बिघडते ते एकाच कारणाने: सगळ्या भाज्या एकदम टोपात जातात. सुरण शिजेपर्यंत रताळे विरघळते आणि मुळा पिठूळ होतो. इथे सुरण आणि काटेकणंगी आधी, मग रताळे नि मुळा, शेंगा नंतर, आणि नारळाचे वाटण, गूळ, सोले (आमसुले), तेफळे (तिरफळे) अगदी शेवटी घातलेली होती. फोडीला फोड ओळखू येत होती आणि रस मात्र एकजीव. तेफळातली काळी बी काढलेली होती. पुष्कळ केटरर हे टाळतात, कारण वेळ जातो. मग दाताखाली वाळू आल्यासारखे लागते आणि कडसर चव उरते. चार माणसांच्या पातेल्याला सात-आठ तेफळे पुरतात. मोठ्या टोपात त्याच हिशेबाने पटीत वाढवत गेले तर वास डोक्यात जातो, तिथे हात आखडताच हवा. इथे तो आखडलेला होता.

उड्डमेथी मात्र कडवट झाली. मेथी तेलात तांबूस झाली की लगेच काढायची असते. उडीद तांबूस व्हायला तिच्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून दोन्ही एकाच कढईत एकदम टाकले की उडीद होईपर्यंत मेथी जळते. आधी उडीद, आणि तो रंगावर आला की मेथी. शिवाय बांगडा खाली बत्ती लावलेल्या झाकणाच्या भांड्यात तासभर तापत राहिला, आणि नऊ वाजता भांड्यात काटे वेगळे, मांस वेगळे अशी स्थिती होती. हा मासा बुफेचा नव्हे. तो करायचाच तर वीस-वीस पानांच्या खेपेने आणावा.

सोलकढीचीही तीच रड. स्टीलच्या मोठ्या पिंपात साडेसातला ओतलेली कढी दिव्यांच्या उबेत साडेआठला फुटली: वर नारळाच्या रसाचा तवंग, खाली गुलाबी पाणी. आगळ (कोकमाचा रस) आणि नारळाचा रस वेगवेगळे थंड ठेवून दर अर्ध्या तासाला लागेल तेवढेच मिसळायचे, एवढेच काय ते गुपित. मणगणे मात्र घरचे म्हणून खपले असते. चण्याची डाळ शिजलेली पण मोडलेली नाही, साबुदाणा पारदर्शक, काजू सढळ.

मासे निवडताना विचार केलेला दिसला, आणि जंगलाच्या नावाने जेवण घालणाऱ्यांकडून तेवढी अपेक्षा करायलाच हवी. विसवण (सुरमई) नव्हती, मोरी (मुशी) नव्हती. चणक तळ्यात वाढवता येतो, त्यामुळे तो ठेवणे योग्यच. पण मेन्यूकार्डावर नुसते ‘शाश्वत मासळी’ असे लिहून भागत नाही. कुठल्या खाजणातला (खाऱ्या पाण्याच्या शेतजमिनीतला), की कुठल्या तळ्यातला, हे एका ओळीत सांगता आले असते.

ऑगस्टच्या कार्यक्रमात तर हा प्रश्न जास्त टोचेल. यांत्रिक बोटींची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, म्हणजे ऑगस्टमध्ये ताजी मासळी बाजारात येऊ लागलेली असेल. खरा मोह असेल तो अळम्यांचा, म्हणजे रानातल्या मशरूमचा. पावसाळी जेवण म्हटले की कुणीतरी ‘अळमी शागुती ठेवूया’ म्हणणारच. रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, उगवणारी ही अळमी शेतात पिकवता येत नाही. वाळवी तिच्या वारुळात जी बुरशी पोसते, तिचेच ते फळ, आणि वाळवीशिवाय ती जगत नाही. बाजारात येणारी प्रत्येक जुडी कुठल्या ना कुठल्या रानातूनच आलेली असते, आणि चांगला भाव मिळतो तो न उमललेल्या कळ्यांना, म्हणजे बीजाणू सांडायच्या आधीच खुडलेल्यांना. दोनशे पानांची अळमी म्हणजे किती रोयणी, याचा हिशेब आयोजकांनी करावा आणि तायखिळा, अळू, कुड्डूक यांच्यावर भागवावे. त्या भाज्या परसातल्या नि बांधावरच्या, त्यांना ओरबाडले तरी पुढच्या पावसात हजर. बेडकाच्या तंगड्यांबद्दल बोलायला नको. ते कायद्याने गुन्हाच आहे, आणि तरी पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’ कुठे मिळते हे विचारणारे कमी नसतात.

ताटे पोफळीच्या पानाच्या देठापासून दाबून केलेली होती. दिसायला छान. पण उथळ ताटात खतखते, उड्डमेथी आणि कढी एकदम घेतली की वीस मिनिटांत तळ ओलसर होतो आणि मांडीवर डाग पडतो. ज्यांनी वाट्या मागितल्या त्यांना मिळाल्या, ज्यांनी मागितल्या नाहीत त्यांचे कपडे धोब्याकडे गेले असतील.

आता लिलाव. तो दोन प्रकारचा होता. टेबलांवर वस्तू मांडून, शेजारी कागद ठेवून ज्याने त्याने बोली लिहायची, ते सायलेंट ऑक्शन: ४६ वस्तू. आणि जेवणानंतर माईकवरून पुकारायची पावणी: नऊ वस्तू.

कागदी लिलावाचा घात केला तो दंवाने. नदीकाठची फेब्रुवारीतली संध्याकाळ, वर आकाश उघडे. आठ वाजेपर्यंत कागद हाताला गार लागायला लागले, साडेआठला ओले. १७ नंबरच्या वस्तूच्या कागदावर शेवटच्या दोन बोल्या १२,००० आणि १२,५०० होत्या की दोन्ही १२,५००, हे सांगणे अवघड झाले होते, कारण शाई पसरून शून्याला शेपूट फुटले होते. बोली लावणाऱ्याचा नंबर ३४ की ८४, यावरही थोडा वेळ खल झाला. दोघेही समंजस निघाले म्हणून निभावले. उपाय फुकटचा आहे: कागद पुठ्ठ्याच्या पॅडवर चिमट्यात, वर प्लास्टिकचा पदर, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. ओलसर कागदावर बॉलपेन घसरते, जेलपेन पसरते.

मोबाइलवरून बोली लावायची सोयही जाहीर केली होती, पण नदीकाठी नेटवर्क एका रेघेवर. दोनशे माणसे एकाच टॉवरवर आणि सगळे फोटो चढवताहेत, तिथे बोली कशी पोचणार? ॲप वापरायचेच असेल तर जागेवरचे वायफाय आदल्या दिवशी तेवढ्या माणसांच्या हिशेबाने तपासावे लागते, नाहीतर कागदच बरा.

दुसरी चूक जास्त पैशांची. बोलीचा टप्पा छापलेलाच नव्हता. कागदावर नुसते ‘बोली’ आणि ‘नंबर’ असे दोन रकाने. परिणाम असा की ९,००० रुपयांवरच्या साडीवर लोक पन्नास-पन्नास रुपयांनी चढत होते. पंधरा ओळींचा कागद संपला आणि किंमत वाढली साडेसातशे. साधी रीत अशी: बाजारभावाच्या निम्म्यापासून सुरुवात, आणि प्रत्येक पायरी साधारण सुरुवातीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाची, आणि त्या पायऱ्या कागदावर आधीच छापलेल्या. ९,००० ला सुरू होणाऱ्या साडीची पुढची ओळ ९,९००, मग १०,८००. लिहिणाऱ्याने फक्त नंबर टाकायचा. आकडे वाचायचा घोळही मिटतो.

तिसरी: तिन्ही टेबले एकाच वेळी, नऊ वाजता बंद केली. ज्यांचा डोळा दोन टेबलांवर होता त्यांनी एक सोडले. पंधरा-पंधरा मिनिटांच्या फरकाने बंद केली असती तर पहिल्या टेबलावर हरलेला माणूस तेच पैसे घेऊन दुसऱ्या टेबलाशी आला असता.

वस्तूंबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण घेणाऱ्याचा पैसा तिथे अडकतो.

कुणबी साड्या चार होत्या. लाल-पांढऱ्या चौकटीची ही सुती साडी हातमागावर विणलेली असेल तर तिला किंमत आहे, यंत्रमागावरची असेल तर ती नुसती चौकडीची साडी. चारपैकी एकीवरच हातमागाची खूण असलेले लेबल होते. बाकीच्यांच्या पट्टीवर ‘पारंपरिक’ एवढेच. पारंपरिक काय, रंग की माग? विणणाऱ्या बाईचे किंवा केंद्राचे नाव विचारा. ते सांगता येत नसेल तर तिथे बोली थांबवा.

‘कावी’ म्हणून तीन चौकटी ठेवल्या होत्या. देवळांच्या नि जुन्या घरांच्या भिंतींवर दिसते ती कावी म्हणजे पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करणे. म्हणजे पांढरी रेघ खोलगट असते, नखाला लागते. दोन चौकटींवर नख फिरवले तर रेघ वर आलेली: लाकडी फळीवर तांबडा ॲक्रिलिक आणि वर पांढरा ब्रश. चित्र म्हणून वाईट नव्हते, पण पट्टीवर ‘कावी शैलीतले चित्र’ असे हवे होते. तिसरी चौकट खरी होती, आणि तीच सर्वात स्वस्तात गेली. माहिती नसली की लिलावात असेच होते.

सत्तरी तालुक्यातल्या कुळागरातले दोन रात्रींचे राहणे ही सायलेंट ऑक्शनमधली सर्वात चोख वस्तू. पोफळीबनात मिऱ्याचे वेल, केळी, पाटाचे पाणी, जेवण घरचे, आणि सोबत गावातल्या माणसाबरोबर देवराईचा फेरफटका. तारखांची मुदत, माणसे किती, जेवण धरून की सोडून, रद्द केले तर काय, सगळे एका पानात लिहिलेले. देवराईत पादत्राणे काढावी लागतील आणि पानही तोडायचे नाही, हेसुद्धा त्यात होते. ज्यांनी हे पान लिहिले त्यांनीच बाकीच्या ४५ वस्तूंची पाने लिहायला हवी होती. सत्तरीत बांबर येथल्या निरंकाराच्या राईत दलदलीतून गुडघ्यासारखी वर आलेली रानजायफळीची मुळे ज्यांनी पाहिली नसतील, त्यांनी असा फेरफटका कुठूनही मिळवावा.

याच्या नेमके उलट ‘दोघांसाठी दूधसागर सहल, एक वर्ष वैध’. धबधबा ३१० मीटरचा, सगळ्यांना पाहायचा असतो पावसाळ्यात, आणि कुळ्याहून जाणाऱ्या जीपगाड्या पावसाळ्यात बंद असतात. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायला मनाई आहे. एप्रिल-मेमध्ये पाण्याची धार बारीक. म्हणजे ‘एक वर्ष’ हे प्रत्यक्षात पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे चार-पाच महिने, आणि त्यातलेही नाताळाच्या गर्दीचे दिवस वगळून. अभयारण्याची प्रवेश फी धरलेली आहे का, हे टेबलावरच्या स्वयंसेवकाला ठाऊक नव्हते. अशा वस्तूची बोली लावताना छापील किमतीतून तिसरा हिस्सा वजा करून मग विचार करा.

दोन वस्तू तिथे नकोच होत्या. पहिली, आठवडाभर आधी फिरवलेल्या यादीत असलेली सांबराच्या शिंगाच्या मुठीची काठी. कुणीतरी आजोबांच्या संग्रहातून भक्तिभावाने दिली असणार. आदल्या दिवशी ती यादीतून काढली, हे बरे झाले, पण यादीत आलीच कशी? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मालकीचे प्रमाणपत्र असले तरी अशी वस्तू विकता येत नाही, विकायला काढताही येत नाही. वाघासाठी पैसे गोळा करताना सांबराचे शिंग विकणे, याला काय म्हणावे! दुसरी, ‘१२० वर्षे जुनी पितळी समई’. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना पुरावशेषांचा कायदा लागतो (तोही १९७२ चाच), आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. समईसोबत कागद नव्हता. म्हणजे एक तर वय खोटे किंवा कागद अपुरे. घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही वाईट.

आता माईकवरची पावणी. गोव्यात पावणी कशी करावी हे बाहेरून शिकून यायची गरज नाही. कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक मालकीची) शेते, मानशीची (खाजणाच्या पाणदाराची) मासळी, बाजाराचा सोपो (बाजारकर), सगळे इथे पावणीनेच जाते. पुकारणारा आकडा तीनदा घोळवतो, एक वार, दोन वार म्हणून थांबतो, आणि त्या थांबण्यातच पुढचे हजार रुपये असतात. इथला निवेदक लग्नसमारंभातला, हसतमुख, इंग्रजीतून बोलणारा, आणि थांबायचे भय असणारा. गप्प बसायची वेळ आली की तो विनोद सांगायचा. बोली लावणाऱ्याच्या मनात जो हिशेब चालू असतो तो विनोदाने मोडतो. सत्तरीहून, काणकोणहून आलेले लोक मागच्या टेबलांवर होते. त्यांच्यासाठी कोकणी-मराठीत दोन वाक्ये बोलायला कुणी सांगितले नव्हते का?

वेळेचे गणित तर पार फसले. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे. नऊ वस्तू, दर वस्तूला तीन-चार मिनिटे, म्हणजे अर्धा तास. शिवाय शेवटी ‘हात वर करून थेट देणगी’चा भाग, दहा-बारा मिनिटे. म्हणजे पावणी उशिरात उशिरा सव्वानऊला सुरू झाली तरच पुरते, आणि खरे तर साडेआठला, मुख्य जेवणाच्या आधी, सुरू करायची असते. पोट भरलेला, मणगणे खाल्लेला माणूस खिशात हात घालत नाही, तो गाडीची किल्ली शोधतो. इथे भाषणे लांबली, जेवण लांबले आणि पहिली पाटी वर गेली ९.२० ला. पहिल्या पाच वस्तूंना पंचवीस मिनिटे मिळाली, शेवटच्या चार जेमतेम बारा मिनिटांत उरकल्या. सर्वात मोठी वस्तू, एका नामवंत चित्रकाराचे मूळ तैलचित्र, शेवटी ठेवलेले. ९.५६ ला ते राखीव किमतीच्या, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही त्या आकड्याच्या, जेमतेम एक पायरी वर गेले.

मोठी वस्तू शेवटी ठेवणे ही नाटकवाल्यांची खोड. पावणीत ती तिसरी-चौथी यायला हवी. लोक तापलेले असतात, आणि जे तिथे हरतात त्यांचे बाजूला काढलेले पैसे पुढच्या वस्तूंवर उतरतात. शेवटच्या वस्तूवर हरलेल्याचे पैसे घरी जातात.

थेट देणगीच्या भागाला चार मिनिटे उरली आणि दहानंतर माईक नसताना ओरडून सांगावे लागले. हा भाग सर्वात महत्त्वाचा होता, कारण लिलावात वस्तूची किंमत मिळते, इथे निव्वळ निधी मिळतो.

निधी कशासाठी? पडद्यावर दोन गोष्टी होत्या: कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) आणि वणव्याविरुद्धचे काम. दोन्ही गरजेच्या, दोन्ही अर्धवट मांडलेल्या.

कॅमेऱ्याची किंमत १५,००० रुपये दाखवली होती आणि वीस कॅमेऱ्यांचे उद्दिष्ट होते. वाघांच्या गणनेत एका ठिकाणी एक कॅमेरा पुरत नाही, समोरासमोर दोन लागतात, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि एका बाजूचा फोटो दुसऱ्या बाजूच्या फोटोशी जुळवता येत नाही. राष्ट्रीय गणनेत दर दोन चौरस किलोमीटरच्या चौकोनाला अशी एक जोडी. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचे, म्हणजे १०४ चौकोन आणि २०८ कॅमेरे. वीस कॅमेऱ्यांत दहा चौकोन, वीस चौरस किलोमीटर, अभयारण्याचा दहावा हिस्साही नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. ‘वीस कॅमेऱ्यांनी आम्ही अमुक ओहोळाचा पट्टा तीन महिने बघू’ असे म्हटले असते तर देणाऱ्याला जास्त पटले असते. पडद्यावर होते ‘एक कॅमेरा, एक वाघ वाचवा’. कॅमेरा वाघ मोजतो, वाचवत नाही. शिवाय अभयारण्यात तो लावायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती मिळाली आहे, मागितली आहे की मागायची आहे, याचा उल्लेख कुठेच नव्हता. बॅटऱ्या, मेमरी कार्डे, पावसाळी दमटपणात बुरशी धरणाऱ्या भिंगांची देखभाल, हजारो फोटो चाळणाऱ्या माणसाचा पगार, हे सगळे १५,००० च्या बाहेर.

वणव्याचे तर वेळापत्रकच चुकले. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या डोंगरांवर ठिकठिकाणी आगी लागल्या त्या सगळ्यांना आठवतात, म्हणून फेब्रुवारीत वणव्याच्या नावाने पैसे मागणे सोपे जाते. पण जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ करायच्या त्या गवत वाळायला लागते तेव्हा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. फेब्रुवारीअखेर जमलेला पैसा हिशेबात बसून, ठराव होऊन, हातात येईपर्यंत एप्रिल. तोवर जळायचे ते जळून गेलेले. वणव्यासाठी जेवण घालायचे तर ते दिवाळीच्या आगेमागे घाला, किंवा स्पष्ट सांगा की हा पुढच्या वर्षीचा पैसा आहे. या एका बाबतीत ऑगस्टचा कार्यक्रम फेब्रुवारीपेक्षा चांगल्या मुहूर्तावर आहे.

आणि एक गोष्ट पडद्यावर नव्हतीच. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. त्याआधी त्या भागात वाघाने गुरे मारली होती. २४ जुलै २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तो वाद मोठा आहे, जेवणाच्या टेबलावर मिटणारा नाही. पण वाघाने मारलेल्या गुराची भरपाई मालकाच्या हातात चार दिवसांत पडावी असा छोटा निधी, पक्का गोठा, रात्रीचे कुंपण, ही कामे २०-२५ लाखांच्या आत बसतात, अभयारण्याबाहेर गावातच होतात आणि त्यांना कॅमेऱ्याइतक्या परवानग्या लागत नाहीत. कॅमेऱ्याचा फोटो पडद्यावर चांगला दिसतो, गोठ्याचा दिसत नाही, एवढाच फरक.

शेवटचा अडथळा पैसे भरण्याचा. चार टेबलांऐवजी एक, रांग चाळीस माणसांची. यूपीआयचा कोड मोठ्या अक्षरात लावलेला, पण साधारण यूपीआय व्यवहाराला दिवसाची एक लाखाची मर्यादा असते, हे १,४०,००० ची बोली जिंकलेल्याला रांगेच्या टोकाशी पोचल्यावर कळले. कार्डाचे मशीन नेटवर्कवाचून फिरत राहिले. मोठी बोली लावायचा विचार असेल तर चेकबुक खिशात ठेवा.

पावतीबद्दल नीट समजून घ्या. ८०जी ची, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातली देणगीवरची, सवलत दानाला असते, जेवणाला नाही. ३,५०० रुपयांच्या बदल्यात तुम्ही जेवलात, साडीच्या बदल्यात साडी नेलीत, तो सगळा आकडा दान म्हणून दाखवता येत नाही. इथे मात्र तिकिटाच्या पूर्ण रकमेवर ‘८०जी पात्र’ असा शिक्का मारलेल्या पावत्या वाटल्या. त्यावर विसंबू नका. तिकिटाच्या पाठीवर जेवणाचा खर्च किती आणि निधी किती हे छापले असते तर प्रश्नच नव्हता. वेगळी देणगी दिलीत तर पॅन द्या, रोख २,००० रुपयांच्या वर देऊ नका, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर आयकर विभागाच्या नमुन्यातले देणगी प्रमाणपत्र मागून घ्या. हाताने लिहिलेली पावती करसवलतीला पुरत नाही. नवी करपद्धत निवडलेल्यांना ही सवलत तशीही नाही.

गोव्यात आणखी एक गाठ असते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोंयकार, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, परदेशी देणग्यांच्या कायद्यापुढे विदेशीच. त्याची देणगी त्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच घेता येते. भारतीय पासपोर्टावर आखातात नोकरी करणाऱ्याला ही अडचण नाही. हात वर केलेल्यांत पहिल्या प्रकारचे किती होते हे टेबलावर कुणी विचारत नव्हते. लिस्बनहून सुट्टीला आलेल्या मामांना उत्साहाने पाटी उचलायला लावण्याआधी संस्थेला नोंदणी आहे का ते विचारा.

गाड्या लावायला जागा पुरेशी, स्वच्छतागृहे स्वच्छ, स्वयंसेवक मुले-मुली नम्र आणि रात्री साडेअकरापर्यंत उभी. कचरा वेगळा करून नेला, नदीकाठी एक ग्लासही राहिला नाही. डास मात्र भरपूर.

ऑगस्टचे तिकीट काढायच्या आधी आयोजकांना तीन ओळींचा निरोप पाठवा: निधी कुठल्या कामाला आणि कुठल्या महिन्यात, वस्तूंची यादी अटींसकट कधी मिळेल, आणि पावणी किती वाजता. उत्तर आले तर जा. कार्यक्रम छपराखाली असला तरी श्रावणातला कागद दमटच असणार. जाताना पेन्सिल न्या.